शाळा-दवाखाने त्यांनी काढले, मग आपल्या धम्माने काय केले?

जांब समर्थ (ता. घनसावंगी, जि. जालना) : धम्म शिबिर असो की जयंतीची बैठक, एक प्रश्न हमखास येतो. "ख्रिश्चनांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले. आपण पुतळे आणि विहारं सोडून काय केलं?" विचारणारा बहुतेक वेळा आपलाच शिकलेला तरुण असतो. त्याला उत्तरे मिळतात ती दोन टोकांची. एक जण म्हणतो, ते सगळे धर्मांतरासाठीचे आमिष होते. दुसरा मान खाली घालून म्हणतो, खरंच, आपल्याला काही जमले नाही.

आम्हाला ही दोन्ही उत्तरे चुकीची वाटतात. त्यातून बौद्ध म्हणून आपल्या जबाबदाऱ्याही कळत नाहीत. म्हणून या लेखात दोन्ही धर्मांचा समाजाच्या नीतीवर काय परिणाम झाला, हे आपल्याच भागातल्या उदाहरणांवरून पाहू. कोणाचा देव मोठा, कोणाचा ग्रंथ जुना, हा वाद इथे नाही. मोजमाप एकच ठेवू. गावकुसाबाहेरच्या माणसाचे जगणे आणि त्याचे शेजाऱ्याशी असलेले नाते त्या धर्मामुळे किती बदलले?

जालन्यातला पहिला प्रयोग

जांब समर्थ म्हटले की लोकांना समर्थ रामदासांचे जन्मगाव आठवते. पण याच जालना जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धर्मांतराचा एक मोठा प्रयोग झाला होता, हे आपल्या कार्यकर्त्यांनाही फारसे माहीत नसते.

ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या नारायण शेषाद्री यांनी १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे गेला होता. वडिलांनी कोर्टात जाऊन त्याला परत मिळवले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावर मुंबईत मोठा वाद पेटला. घ्यावे म्हणणाऱ्यांत बाळशास्त्री जांभेकर होते. एका लहान मुलाला त्याच्याच घरात परत घ्यायला समाजाला एवढा वाद घालावा लागला, यावरून त्या काळी जातीची पकड किती होती हे कळते.

नारायण शेषाद्री पुढे स्कॉटिश मिशनच्या कामासाठी जालन्यात आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. तिथे आलेल्यांत मांग समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते. गावात ज्यांची सावली चालत नव्हती, त्यांना स्वतःची वस्ती, प्रार्थनेची जागा आणि पोरांना अक्षरे मिळाली. ही साधी गोष्ट नव्हती. आपला जिल्हा त्या काळात शाळा-कॉलेजांचा नव्हताच, दुष्काळाचा होता.

मिशनने काय दिले

महाराष्ट्रभर पाहिले तर हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसते. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू केले. सिंथिया फरार यांनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतली मांग समाजाची विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो छापून आला मिशनच्या 'ज्ञानोदय' या पत्रात. शाळा फुल्यांची, पान मिशनऱ्यांचे आणि आवाज मुक्ताचा. इतिहास असा सरमिसळ असतो.

पुढे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला मिशन हॉस्पिटल सुरू केले. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळात सापडलेल्या मुली आणि विधवांना आसरा दिला. आपल्या जालना शहरातही मिशन हॉस्पिटल आहे.

या कामामागे एक नीती होती. वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला उचलणारा चांगला शोमरोनी, ही येशूने सांगितलेली गोष्ट ख्रिस्ती माणूस लहानपणापासून ऐकतो. आजाऱ्याला भेटणे आणि भुकेल्याला जेवू घालणे म्हणजे देवाचीच सेवा, असे त्याला शिकवले जाते. महारोग्याच्या जखमा धुणारी नर्स या शिकवणीतून तयार होते. १८७६-७८ च्या दुष्काळात आणि त्यानंतर नगर भागात हजारो अस्पृश्य ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांना भाकरीसाठी बाटलेले म्हणून हिणवले गेले. आम्ही म्हणतो, ज्यांनी त्यांना शतकानुशतके उपाशी ठेवले त्यांना हे हिणवण्याचा हक्क कुठून आला? उपाशी माणसाला भाकर देणे हा गुन्हा नाही. त्याला उपाशी ठेवणे हा गुन्हा आहे.

मग बाबासाहेबांनी तो मार्ग का घेतला नाही?

१९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा झाल्यावर बाबासाहेबांपुढे ख्रिस्ती धर्माचा पर्याय खुला होता. त्यांनी तो न तपासता सोडला नाही. १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी येशूबद्दलचा आदर लपवला नाही. पण दक्षिणेत चर्चमध्ये जात पाळली जाते आणि ख्रिस्ती समाज राजकीय लढ्यात मागे आहे, हेही तोंडावर सांगितले. त्यांच्या हयातीत न छापलेल्या आणि पुढे त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात आलेल्या लेखांत त्यांनी हा विषय सविस्तर मांडला आहे. मिशनऱ्यांच्या शिक्षणाच्या आणि वैद्यकीय कामाचे श्रेय ते देतात. त्यानंतर तीन गोष्टी विचारतात.

पहिली गोष्ट जातीची. धर्म बदलला तरी जात गेली का? गोव्यात आजही कॅथलिकांमध्ये बामण, चार्डो, सुदीर असे भेद लग्नाच्या वेळी डोके वर काढतात. चारशे वर्षांत जात चर्चबाहेर गेली नाही.

दुसरी गोष्ट फायद्याची. मिशनच्या उच्च शिक्षणाचा मोठा लाभ वरच्या जातींच्या मुलांनी घेतला. ते शिकले, नोकरीला लागले आणि धर्मांतरही केले नाही. गरीब ख्रिस्ती मात्र मागे राहिला.

तिसरी गोष्ट सर्वांत खोलवरची. माणसाचे पतन त्याच्या पापामुळे होते, असे ख्रिस्ती शिकवण सांगते. अस्पृश्याचे पतन त्याच्या स्वतःच्या पापामुळे झाले नव्हते. ते दुसऱ्यांनी लादलेले होते. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच पापाची क्षमा मागायला शिकवले, तर अन्याय करणाऱ्याला जाब कोण विचारणार? बाबासाहेबांचा हा मुद्दा धर्मशास्त्राचा वाटतो. प्रत्यक्षात तो गावातल्या रोजच्या वागण्याचा मुद्दा आहे.

कंपाउंड आणि वस्ती

आम्हाला या दोन धर्मांतरांतला सर्वांत मोठा फरक जागेचा वाटतो. मिशनने माणसाला गावाबाहेर काढले आणि वेगळ्या वस्तीत, मिशनच्या कंपाउंडमध्ये वसवले. तिथे तो सुरक्षित झाला. पण गाव आहे तसेच राहिले. आणि कंपाउंड चालत होते बाहेरून येणाऱ्या पैशावर आणि साहेबाच्या शब्दावर.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा घेतलेली माणसे कुठल्याही कंपाउंडमध्ये गेली नाहीत. ती आपल्याच गावात, आपल्याच वाड्यात परतली. त्यांना कोणी जमीन दिली नाही, घर दिले नाही, नोकरी दिली नाही. तरी गाव बदलले, कारण त्यांनी गावाशी असलेले नाते बदलले. मेलेले ढोर ओढणे बंद केले. मृतमांस सोडले. येसकराची काठी खाली ठेवली. दारोदार भाकर मागणे सोडले. देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले. दीक्षा मराठवाड्यातल्या गावागावांत पोहोचली तेव्हा ज्या आजोबा-आजींनी हे केले, त्यांच्याकडे दोन वेळच्या जेवणाची हमी नव्हती. भाकर सोडायची आणि पर्यायी भाकर कुठे आहे हे माहीत नसायचे, एवढे मोठे नैतिक धैर्य त्यात होते.

धम्माचा पहिला सामाजिक परिणाम हा आहे. त्याने माणसाला 'नाही' म्हणायला शिकवले आणि त्या 'नाही'ला शीलाचा आधार दिला. बावीस प्रतिज्ञा नीट वाचा. सुरुवातीच्या प्रतिज्ञा नकाराच्या आहेत. पुढच्या समतेच्या, करुणेच्या, चोरी न करण्याच्या, खोटे न बोलण्याच्या, दारू न पिण्याच्या आहेत. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये धर्म आणि धम्म यांत फरक केला तो इथेच. धर्म ही माणसाची खाजगी बाब असू शकते. धम्म सामाजिक असतो. एकट्या माणसाला त्याची गरज पडत नाही, दोन माणसे एकत्र आली की पडते.

याची किंमतही मोजावी लागली. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात बौद्धांच्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना ठार मारले गेले. ते मातंग समाजाचे होते. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. लोकांना विद्यापीठाचे नाव एवढे का खुपले? गावकी नाकारणारी माणसे आता विद्यापीठाच्या दारावर आपले नाव मागत होती, म्हणून खुपले.

आणि "आपण संस्था उभ्या केल्या नाहीत" हेही पूर्ण खरे नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. परिसराचे नाव नागसेनवन. राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या प्रश्नोत्तरांची आठवण त्या नावांत आहे. मराठवाड्यातल्या किती घरांतला पहिला पदवीधर तिथून बाहेर पडला, हे आपापल्या घरात विचारून पाहा.

आकडे काय सांगतात

२०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाखांवर बौद्ध नोंदले गेले. त्यातले सुमारे ७७ टक्के महाराष्ट्रात आहेत. बौद्धांमधली साक्षरता ८१.३ टक्के, ख्रिस्ती समाजातली ८४.५ टक्के, देशाची ७३ टक्के आणि अनुसूचित जातींची ६६.१ टक्के. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया बौद्धांमध्ये ९६५, ख्रिस्ती समाजात १०२३ आणि देशात ९४३.

हे आकडे भाषणात फेकण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्या. ख्रिस्ती आकड्यात केरळ आणि ईशान्य भारताचा मोठा वाटा आहे. तिथला इतिहास वेगळा आहे. बौद्ध आकडा मुख्यतः महाराष्ट्राचा आहे आणि महाराष्ट्राची साक्षरता तेव्हा ८२.३ टक्के होती. म्हणजे आपण सगळ्यांच्या पुढे गेलो, असा याचा अर्थ होत नाही. अर्थ असा, की ज्यांना पाटी धरू दिली जात नव्हती ते दोन-तीन पिढ्यांत बाकीच्या महाराष्ट्राच्या बरोबरीला आले. तेही कुठल्याही परदेशी मिशनशिवाय. आरक्षणाचा, शिष्यवृत्तीचा, वसतिगृहांचा वाटा यात मोठा आहे. पण वसतिगृहात मुलाला पाठवण्याची जिद्द ज्या घरात होती, ती धम्मक्रांतीने दिली होती.

दोन्ही धर्म कुठे थांबले

कुठलाही धर्म समाजाला आपोआप नीतिमान करत नाही. दक्षिण आफ्रिकेत डच रिफॉर्म्ड चर्चने वर्णभेदाला आधार दिला, आणि त्याच देशात बिशप डेस्मंड टुटू त्याविरुद्ध उभे राहिले. दोघांच्या हातात बायबल होते. श्रीलंकेत सियाम निकायाने भिक्खू होण्याचा हक्क गोविगम या वरच्या जातीपुरता ठेवला. तिथे तर तिपिटक होते. ग्रंथ चांगला असून भागत नाही. तो कोणाच्या बाजूने वाचला जातो, हे महत्त्वाचे असते.

आपल्याकडे पाहू. १९४१ मध्ये कसबे तडवळ्याला बाबासाहेबांनी महार-मांगांना एका मांडवाखाली आणले. आज आपल्या किती विहारांत मातंग कुटुंब सहज येऊन बसते? बीडचे एकनाथ आवाड मातंग समाजातून आले, पोतराजाच्या घरात जन्मले, गायरान जमिनींसाठी लढले आणि पुढे बौद्ध झाले. असे मोठे उदाहरण समोर असूनही धम्म अजून एका जातीचा समजला जातो. सोयरीक करताना पोटजात विचारणारी बौद्ध घरे आजही आहेत. जयंतीच्या रात्री पाचव्या शीलाचे काय होते, ते सगळ्यांना माहीत आहे.

प्रार्थनेला लोक का जातात

आता आजच्या, आपल्या गावांतल्या प्रश्नाकडे येऊ. घनसावंगी, अंबड, परतूर भागात काम करताना आम्हाला दिसते, की मातंग वस्तीतली आणि क्वचित बौद्ध वस्तीतलीही काही कुटुंबे रविवारच्या प्रार्थनेला जातात. आपले काही कार्यकर्ते त्यावर चिडतात. चंगाईच्या सभेला अंधश्रद्धा म्हणतात. ते खरेही आहे. आजार प्रार्थनेने बरा होत नाही आणि औषध बंद करायला सांगणाऱ्याला विरोध केलाच पाहिजे.

पण लोक तिथे जातात त्याची कारणे आम्ही बायकांकडून ऐकतो, आणि ती साधी असतात. नवऱ्याची दारू सुटेल या आशेने. ऊसतोडीहून परतल्यावर अंगावर उचल फिरलेली नसते आणि मुकादमाचे फोन येतात, तेव्हा कोणीतरी शेजारी बसावे म्हणून. आजारी सासूला पाहायला पास्टर घरी येतो म्हणून. दर आठवड्याला हक्काची एक बैठक असते आणि तिथे बाईला नावाने विचारले जाते म्हणून.

आपले विहार किती दिवस उघडे असते? बुद्ध पौर्णिमा, १४ एप्रिल, ६ डिसेंबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि वर्षावासात ग्रंथवाचन झाले तर तेवढे. बाकी दिवस कुलूप.

आणखी एक नैतिक पेच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांना आजही नाही. म्हणून प्रार्थनेला जाणारे मातंग कुटुंब कागदावर हिंदू राहते. त्याला खोटारडे म्हणणे सोपे आहे. पण १९९० पर्यंत केंद्राच्या सवलतींसाठी आपल्याही घरांत कागदावर एक आणि भिंतीवर एक, असेच होते. ज्या कायद्याने आपल्याला चौतीस वर्षे दारात उभे केले, त्याच कायद्याने आज दुसरा दारात उभा आहे. प्रार्थनासभा उधळायला येणाऱ्या टोळ्यांसोबत बौद्ध तरुणाने एक पाऊलही टाकू नये. धर्म निवडण्याचे स्वातंत्र्य देणारे २५ वे कलम मोडले, तर दीक्षाभूमीचाही पाया हलतो.

करुणा बाहेरून आणायची नाही

कोणी म्हणेल, सेवा हा ख्रिस्ती गुण आहे, आपला संघर्ष. हे चूक आहे. विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेला होता. बाकी भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदासोबत स्वतः त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले आणि माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी, अशा अर्थाचे सांगितले. सिगालोवाद सुत्तात मालकाने कामगाराला आजारपणात सांभाळावे असे सांगितले आहे. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या औषधोपचाराची सोय केल्याचे कोरून ठेवले. करुणा आपल्या घरातलीच आहे. आपण ती वंदनेत ठेवली आणि कामातून काढली.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांसाठी आमची मांडणी अशी.

१. विहार आठवड्यातून एक संध्याकाळ उघडे ठेवा. वंदना वीस मिनिटे. नंतर मुलांचा अभ्यास, आणि ज्याच्या घरी अडचण आहे त्याचे ऐकणे.

२. वस्तीतल्या आजाऱ्यांची यादी ठेवा. दोन तरुणांनी आठवड्याला घरी जावे, सरकारी दवाखान्यात सोबत जावे, योजनेचे कार्ड काढून द्यावे.

३. जयंतीच्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा डीजेऐवजी वह्या-पुस्तकांना आणि ऊसतोडीला गेलेल्यांच्या गावात राहिलेल्या मुलांच्या जेवणाला द्या. हिशेब फळ्यावर लिहा.

४. दारू सोडू पाहणाऱ्याला टोमणे मारू नका. त्याला उपचाराला नेणे हे पाचवे शील पाळण्यासारखेच काम आहे.

५. विहाराच्या समितीत मातंग, चर्मकार, भटके कुटुंबातली माणसे घ्या, आणि बायकांना सतरंज्या अंथरण्यापुरते ठेवू नका.

६. प्रार्थनेला जाणाऱ्या घराशी बोलणे तोडू नका. अत्याचाराची केस असेल तर त्यांच्या फिर्यादीलाही तेवढ्याच तत्परतेने पोलीस ठाण्यात उभे राहा.

सुरुवातीच्या तरुणाला आमचे उत्तर असे आहे. ख्रिस्ती मिशनने खचलेल्या माणसाला आधार दिला, शिकवले, बरे केले. पण त्याला खचवणाऱ्या गावाला फारसा प्रश्न विचारला नाही. बाबासाहेबांच्या धम्माने गावालाच प्रश्न विचारला आणि माणसाला स्वतःच्या पायावर उभे केले. हे काम मोठे आहे, त्याबद्दल मान खाली घालायचे कारण नाही. मात्र उभा राहिलेला माणूस शेजारी पडलेल्याला उचलतो की नाही, यावरच पुढच्या पिढ्या धम्माची नीती मोजतील. ते मोजमाप आपल्या वस्तीत येत्या रविवारपासून सुरू करता येईल. विहाराची किल्ली कोणाकडे आहे, एवढे आज विचारून ठेवा.

जयभीम. नमो बुद्धाय.